मदत करणाऱ्याचे अज्ञान

एक साधा प्रश्न आपल्यापुढे ठेवतो. कोणी मदतीसाठी हाक मारली, आपण ओ दिली, आणि आपल्याच सल्ल्याने त्याचे नुकसान झाले, तर दोष कोणाचा? 'माझा हेतू चांगला होता' एवढे उत्तर पुरेसे आहे काय?

हा प्रश्न मी एखाद्या ग्रंथातून उचललेला नाही. गेल्या उन्हाळ्यात पवनीला, एका लहानशा खोलीत, उघड्या पडलेल्या संगणकासमोर बसलो असता तो माझ्यापुढे उभा राहिला. संगणकाची बिघडलेली हार्ड डिस्क बदलणे हा काही धम्मचर्चेचा विषय नव्हे, असे कोणी म्हणेल. म्हणो बापडा. मला त्या दोन दिवसांत जे दिसले ते सांगतो. विषय आहे की नाही हे आपण ठरवावे.

ज्याने हाक मारली तो माझ्या आत्याच्या नणंदेचा नातू. हे नाते सांगताना मलाही एकदा थांबून बोटे मोजावी लागतात. लग्नकार्यात आणि अशोक विजयादशमीला दीक्षाभूमीवर भेट होते, तेवढीच ओळख. पवनीला त्याचे छोटे दुकान आहे. झेरॉक्स काढणे, शिष्यवृत्तीचे आणि जातीच्या दाखल्याचे अर्ज ऑनलाइन भरून देणे, फोटो काढून देणे, असा व्यवसाय. मी एका कार्यालयात संगणकाच्या विभागात नोकरी करून निवृत्त झालो. आमच्या समाजात असे झाले म्हणजे माणूस सर्व नातलगांचा होतो. कोणाचा मोबाईल बंद पडला, कोणाचा अर्ज अडला, की फोन येतो. याबद्दल माझी तक्रार नाही. बाबासाहेबांनी १८ मार्च १९५६ रोजी आग्र्याच्या भाषणात शिकलेल्या माणसांविषयी जी खंत बोलून दाखवली, ती माझ्या पिढीने घरोघरी ऐकली आहे. शिकलेल्याने पाठ फिरवू नये हे आम्हाला कोणी नव्याने सांगावे लागत नाही. परंतु पाठ न फिरवताही माणूस गैरहजर असू शकतो, हे मला उशिरा कळले.

त्याचा फोन आला तेव्हा मी नागपूरला एका लग्नात होतो. बँड वाजत होता. तो म्हणाला, "जय भीम काकाजी, कॉम्प्युटर अटकून राह्यला. आतून टिकटिक आवाज येते." मी एका कानावर हात ठेवून ऐकले, आणि जे तोंडाला आले ते सांगितले: "रात्रभर डिस्कची तपासणी लावून ठेव, दुरुस्त होईल." तो "बरं काकाजी" म्हणाला. मी जेवायला बसलो. हे संभाषण एका मिनिटाचेही नसेल.

आता माझी चूक काय झाली हे समजण्यासाठी हार्ड डिस्क म्हणजे काय ते थोडक्यात सांगणे भाग आहे. जुन्या पद्धतीच्या हार्ड डिस्कमध्ये धातूच्या अथवा काचेच्या चकचकीत तबकड्या असतात. त्या मिनिटाला ५,४०० किंवा ७,२०० वेळा फिरतात. त्यांच्यावरून एक बारीक हेड सरकत असते आणि चुंबकीय खुणा वाचते, लिहिते. हेड तबकडीला टेकत नाही. केसाच्या जाडीच्या हजाराव्या हिश्शाहूनही कमी अंतरावर ते तरंगत असते. म्हणून धूळ, धक्का अथवा वय यांनी थोडे जरी बिघडले, तरी हेड जागा शोधू लागते, ती सापडत नाही, ते परत मागे येते, पुन्हा जाते. तीच ती टिकटिक. ती ऐकू आली की त्या डिस्कला आयुष्य मोजकेच उरले असे समजून ती ताबडतोब बंद करायची असते. आणि मी काय सांगितले? रात्रभर चालव.

त्यातही 'तपासणी' हा शब्द फसवा आहे. संगणकात जी तपासणी-दुरुस्ती असते ती डिस्क निरोगी आहे असे गृहीत धरून चालते. जिथे नोंदींचा मेळ बसत नाही तिथे ती मेळ बसवून देते. तुटके दुवे छाटते, अनाथ तुकडे बाजूला टाकते, आणि शेवटी दुरुस्ती झाली असे पडद्यावर लिहिते. मरणाच्या दारातील डिस्कवर हे करणे म्हणजे तापाने फणफणलेल्या माणसाला रात्रभर नांगराला जुंपणे होय. मला हे ठाऊक नव्हते काय? ठाऊक होते. वीस वर्षे मी कार्यालयात इतरांना हेच बजावत आलो. लग्नाच्या मांडवात ते आठवले नाही, इतकेच.

दुसऱ्या दिवशी सकाळी त्याचा फोन आला की संगणक चालूच होत नाही. तेव्हा मात्र मी सीताबर्डीवरून एक नवी एसएसडी विकत घेतली (तिच्यात फिरणारे काहीच नसते, म्हणून टिकटिकही नसते), माझा लॅपटॉप व एक जोडणी पिशवीत घातली आणि बस धरली. उमरेड, भिवापूर आणि मग पवनी.

पवनी आपल्यापैकी अनेकांनी पाहिली असेल. वैनगंगेच्या काठचे हे जुने शहर. किल्ल्याच्या तटाचे अवशेष अजून आहेत. १९६९-७० साली नागपूर विद्यापीठ आणि भारतीय पुरातत्त्व सर्वेक्षण विभाग यांनी येथे उत्खनन केले. शां. भा. देव आणि जगत्पती जोशी यांनी त्याचा अहवाल लिहिला. जगन्नाथ टेकडी म्हणून लोक जिला ओळखत, तिच्या पोटात बौद्ध स्तूप निघाला. त्याच्या दगडी कठड्यांच्या खांबांवर ब्राह्मी लिपीत दान देणाऱ्यांची नावे कोरलेली आहेत. दोन हजार वर्षांनंतर ती वाचता येतात. काही तुटली आहेत, तिथे अहवालकारांनी तुटली असेच लिहिले. हे मी मुद्दाम सांगतो, पुढे त्याचा उपयोग होणार आहे.

मुलाचे घर पवनीच्या बाहेर एका पुनर्वसित गावठाणात आहे. त्यांचे मूळ गाव गोसीखुर्द धरणाच्या पाण्याखाली गेले. या धरणाची पायाभरणी २२ एप्रिल १९८८ रोजी राजीव गांधींच्या हस्ते झाली, आणि पुढची कित्येक वर्षे वैनगंगेकाठची गावे एकामागून एक उठली. मोबदला, नोटिसा, मोर्चे, हे सर्व आपल्याला ठाऊक आहे; तो वेगळा विषय आहे. मला घरात शिरल्यावर जे कळले ते एवढेच, की त्या डिस्कमध्ये दोन प्रकारच्या गोष्टी होत्या. एक म्हणजे दुकानाचे काम: गावकऱ्यांचे दाखले, आधारकार्डांच्या प्रती, भूसंपादनाच्या जुन्या नोटिसांचे स्कॅन, विद्यार्थ्यांचे अर्धे भरलेले अर्ज. दुसरी म्हणजे त्याच्या वडिलांचा आवाज.

वडील चार वर्षांपूर्वी वारले. गाव उठण्याच्या आधी त्यांनी मोबाईलवर तीन रेकॉर्डिंग करून ठेवली होती. गाणे नाही, भाषण नाही. नदीकडून सुरुवात करून ते प्रत्येक घरापुढे थांबत चालले आणि सांगत गेले: हे कोणाचे घर, कोण केव्हा इथे आले, विहीर कोणी खणली, विहारासाठी जागा कोणी दिली, कोणत्या घरातील म्हातारी १९५६ साली नागपूरला चालत गेली होती. पहिल्या रेकॉर्डिंगमध्ये नदीकाठची ओळ, दुसऱ्यात मधली, तिसऱ्यात वरची. नंतर तो मोबाईल हरवला. रेकॉर्डिंग संगणकात उतरवून घेतली होती म्हणून राहिली. दुसरीकडे कुठेही नव्हती.

डिस्क मी लॅपटॉपला जोडली. थोडी घरघर झाली, टिकटिक झाली, आणि ती दिसू लागली. मरणासन्न डिस्क थंड पडल्यावर कधी कधी अशी थोडा वेळ साथ देते. आता निर्णय घ्यायचा होता. मी त्याला खरा पर्याय आधी सांगितला: आत्ताच बंद करायची, हात लावायचा नाही, आणि मोठ्या शहरात जिथे धूळरहित खोलीत डिस्क उघडून माहिती काढतात अशा ठिकाणी पाठवायची. त्याला खर्च किती, असे त्याने विचारले. हजारांत नव्हे, दहा-वीस हजारांत, कधी त्याहून जास्त, मी म्हणालो. त्याने आईकडे पाहिले. तो पर्याय तिथेच संपला. गरिबाच्या माहितीला आणि श्रीमंताच्या माहितीला सारखेच मरण येते, पण वैद्य सारखा मिळत नाही.

मग उरला दुसरा प्रश्न: आधी काय काढायचे? प्रत्येक मिनिटाला डिस्क झिजत होती. मुलगा म्हणाला, "बाबाचा आवाज." त्याची आई दाराशी बसली होती. ती म्हणाली, "लोकायचे कागद पयले काढा. त्याइनं आपल्या भरोशावर देल्ले. तुह्या बापाचा आवाज माह्या कानात हाये." मुलगा काही बोलला नाही. मी दुकानाचे फोल्डर आधी उतरवले. पन्नासेक मिनिटे लागली, दोन-चार फाइली सोडल्यास सर्व आले. त्यानंतर संपूर्ण डिस्कची प्रत काढायला लावली.

ही प्रत ज्या आज्ञावलीने काढतात तिचे नाव डीडीरेस्क्यू. तिची कामाची रीत मला नेहमीच आवडत आली आहे. ती जिथे सहज वाचता येते तो भाग आधी वाचून घेते. जिथे अडते तिथे हटून बसत नाही. ती जागा टिपून पुढे जाते, आणि सोपे सर्व हाती आल्यावर अवघड जागांकडे परत येते. ती डिस्कवर काही लिहीत नाही, दुरुस्त करीत नाही. शेजारी एक नोंदवही ठेवते: एवढे वाचले, एवढ्याला अजून हात लावलेला नाही, एवढे प्रयत्न करूनही वाचता आले नाही. मी सांगितलेली तपासणी आणि ही आज्ञावली यांच्यातील फरक आपण लक्षात घ्यावा. एक तुटलेल्या गोष्टीला अखंड असल्यासारखे दाखवते, दुसरी तुटलेली जागा तुटलेलीच म्हणून जपते.

रात्री साडेअकराच्या सुमारास टिकटिक वाढली. पाऊण वाजता डिस्क थांबली, ती पुन्हा फिरली नाही. सकाळी नव्या एसएसडीवर सर्व बसवले. संगणक सुरू झाला, पूर्वीपेक्षा झपाट्याने सुरू झाला. पहिले रेकॉर्डिंग पूर्ण होते. दुसरे अकराव्या मिनिटाला तुटले. तिसरे उघडलेच नाही. वरच्या ओळीतील घरे गेली.

मुलाने माझे आभार मानले. मी पवनीपर्यंत आलो, स्वतःच्या पैशाने डिस्क आणली, रात्र जागवली, असे तो शेजाऱ्यांना सांगत होता. चहा आला. त्या चहासमोर मी बसून राहिलो. ज्या रात्रभराच्या फिरण्याने डिस्कचे उरलेसुरले आयुष्य संपले ते मी सांगितले होते, हे त्याला ठाऊक नव्हते. सांगणे आवश्यक होते काय? डिस्क आधीच बिघडलेली होती. कदाचित ती तशीही गेली असती. हा 'कदाचित' फार सोयीचा शब्द आहे, वाचकहो. मदत करणारा माणूस त्याच्या आड आरामात बसू शकतो, आणि बाहेरून तो दिसतही नाही.

आपल्याकडे एक समज रुजला आहे, की बुद्धाने चेतनेला म्हणजे हेतूलाच कर्म म्हटले, तेव्हा हेतू चांगला असला की माणूस सुटला. हा समज अर्धवट आहे असे माझे मत आहे. विनयपिटकातील महावग्गात एक प्रसंग आहे. एक भिक्खू अतिसाराने आजारी होऊन स्वतःच्या मलमूत्रात पडलेला होता, आणि त्याच्याकडे कोणी पाहत नव्हते. भगवान बुद्धांनी आनंदाला सोबत घेऊन स्वतः त्याला आंघोळ घातली, मंचकावर निजवले. मग भिक्खूंना बोलावून सांगितले, की तुम्हाला येथे शुश्रूषा करायला आई नाही, बाप नाही. तुम्हीच एकमेकांची केली नाही तर कोण करील? येथवरची गोष्ट आपण सर्वजण सांगतो. तिच्यातून नात्यापलीकडचे कर्तव्य आपण शिकतो, आणि माझ्या आत्याच्या नणंदेच्या नातवाला मी का जावे याचे उत्तरही तिच्यात आहे. पण त्याच ठिकाणी पुढे शुश्रूषा करण्यास लायक कोण आणि नालायक कोण, याचीही लक्षणे सांगितली आहेत. ती फारसे कोणी सांगत नाही. पहिले लक्षण, त्याला औषध तयार करता आले पाहिजे. दुसरे, रोग्याला काय सोसते व काय सोसत नाही हे त्याला कळले पाहिजे. जो न सोसणारे जवळ आणतो आणि सोसणारे दूर नेतो तो नालायक. मैत्रीचित्ताने, लाभाची अपेक्षा न ठेवता सेवा करणे हे तिसरे. म्हणजे मैत्रीच्या आधी जाणणे आले आहे.

हा क्रम सहज पडला असेल काय? असेलही, याद्यांच्या क्रमातून फार अर्थ काढू नये, असे माझे एक मित्र म्हणतात. पण मला तो क्रम त्या दिवशी बोचला. मी न सोसणारे जवळ आणले होते. आणि माझा दोष अज्ञानाचाही नव्हता. अज्ञानी माणूस 'मला कळत नाही' म्हणून सुटू शकतो. मला कळत होते, पण त्या मिनिटाला जाणून घेण्याचे कष्ट मी घेतले नाहीत. दोन प्रश्न विचारले असते, आवाज केव्हापासून येतो, आत काय आहे, तरी मला सर्व आठवले असते. मी विचारले नाहीत, कारण नाते दूरचे होते. हेच उत्तर आहे, दुसरे नाही. माझ्या स्वतःच्या मुलाचा फोन असता तर मी मांडवाबाहेर गेलो असतो.

लांबच्या नात्याची गंमत अशी की त्यात नाकारण्याची सोय नसते आणि लक्ष देण्याची सक्ती नसते. म्हणून तिथे आपण उत्तर देतो, पण ऐकत नाही. परक्या माणसाने विचारले असते तर मी निदान 'मला आत्ता वेळ नाही, दुसऱ्या कोणाला दाखव' म्हणालो असतो, आणि तो पवनीतल्याच एखाद्या कारागिराकडे गेला असता. त्याने कदाचित डिस्क लगेच बंद केली असती. माझा होकार त्याला महाग पडला. बाबासाहेबांनी ज्या बंधुतेचा आग्रह धरला ती नात्यागोत्याची नव्हे, याचा अर्थ आपण बहुधा असा लावतो की परक्यालाही नातलगासारखे वागवावे. उलटही लागू आहे: नातलगाला परक्याइतके तरी गंभीरपणे घ्यावे.

चहा निवला. मी त्याला सांगितले. आवाज ऐकल्यावर डिस्क बंद करायची असते, मी तुला उलटे सांगितले, आणि तिसरे रेकॉर्डिंग जाण्यात त्याचा वाटा आहे. किती ते मला सांगता येणार नाही, पण वाटा आहे. तो बराच वेळ नव्या संगणकाकडे पाहत राहिला. मग म्हणाला, "काकाजी, तुम्ही सांगतलं नसतं त मले मालूमच नसतं झालं." यात क्षमा होती की तक्रार, हे मला ठरवता आले नाही. तो दुकान उघडायला निघून गेला आणि संध्याकाळपर्यंत माझ्याशी फारसे बोलला नाही. मला वाटते तो त्याचा हक्क होता. कबुली देणाऱ्याला लगेच हलके वाटले पाहिजे, असा करार कुठे झालेला नाही.

त्याच्या आईच्या निर्णयाबद्दलही मला बोलायचे आहे. लोकांचे कागद आधी, हे त्या माउलीचे म्हणणे मला त्या क्षणी इतके भारी वाटले की माझे डोळे भरून आले. विश्वासाने दिलेली वस्तू आधी, आपली नंतर. आज मला ते अर्धेच पटते. त्या दाखल्यांच्या प्रती पुन्हा मिळू शकत होत्या. तहसीलमध्ये खेटे घालावे लागले असते, पण मिळाल्या असत्या. सातबारा तर आता ऑनलाइन निघतो. वडिलांचा आवाज फक्त तिच्या कानातला नव्हता. त्यात जी वरची ओळ होती ती गावाची होती. तिथल्या घरांच्या मुलांना आपले आजोबा कुठे राहत, विहारासाठी जागा कोणी दिली, हे सांगणारे दुसरे काही उरलेले नाही. तिने जे खासगी समजून मागे ठेवले तेच अधिक सार्वजनिक होते. हे तिला सुचले नाही यात तिचा दोष नाही. ते विचारणे माझे काम होते. अर्ध्या भरलेल्या अर्जांची मुदत दोन दिवसांत संपत होती हेही खरे आहे, आणि ज्या पोरीची शिष्यवृत्ती बुडाली असती तिला मी काय सांगितले असते, तेही मला ठाऊक नाही. मी या प्रश्नावर अजून कुठल्या एका बाजूला पोचलेलो नाही.

एकच प्रत असणे हे किती धोक्याचे असते, हे आपल्या परंपरेला चांगले ठाऊक आहे. बुद्धवचन कित्येक शतके मुखोद्गत होते. भारहूतच्या शिलालेखात एका दात्या भिक्खूला पाच निकाय जाणणारा म्हटले आहे. तीच त्याची ओळख होती. सिंहलद्वीपात दुष्काळ पडला, भिक्खू मेले, पांगले. त्या काळात महानिद्देस हा ग्रंथ फक्त एकाच भिक्खूला पाठ उरला होता, असे विनयाच्या अट्ठकथेत सांगितले आहे. आणि तो भिक्खू शीलवान नव्हता. त्याच्यापुढे बसून शिकायला एक आदरणीय थेर राजी होईना. आचार्यांनी समजूत घातली तेव्हा त्याने तो शिकून घेतला. म्हणजे ग्रंथ वाचला तो एका अपात्र माणसाच्या स्मृतीतून. पुढे ख्रिस्तपूर्व पहिल्या शतकात, वट्टगामणी राजाच्या काळात, तिपिटक ताडपत्रांवर उतरवले गेले. संकट येऊन गेल्यावरच बॅकअप सुचतो, ही खोड आजची नाही.

दुसरे उदाहरण आपल्या डोळ्यांसमोरचे आहे. बाबासाहेबांच्या महापरिनिर्वाणानंतर त्यांची अप्रकाशित हस्तलिखिते वर्षानुवर्षे कोर्टकचेरीच्या ताब्यात पेट्यांमध्ये पडून होती. महाराष्ट्र शासनाने समिती नेमली, नागपूरच्या वसंत मून यांनी ती टंकलिखिते, ती सुटी पाने लावली, आणि १९७९ पासून लेखन व भाषणांचे खंड निघू लागले. ते खंड ज्यांनी चाळले असतील त्यांनी पाहिले असेल, की काही ठिकाणी मजकूर मध्येच तुटतो आणि संपादक तिथे पाने मिळाली नाहीत असे सांगून थांबतात. ती जागा स्वतःच्या अंदाजाने भरून टाकणे त्यांना अवघड नव्हते. तसे केले असते तर आज कुठले वाक्य बाबासाहेबांचे आणि कुठले संपादकाचे हे कोणाला सांगता आले असते?

मुलाला हा मोह झाला होता. त्याने मला विचारले, "काकाजी, आईला आठवते तितकं मी बोलून तिसरं रेकॉर्डिंग बनवून टाकू का? बाबासारखा आवाज आता मोबाईलमध्ये बनवता येते." मी म्हणालो, आईला आठवते ते आईच्याच आवाजात भर, आणि त्याला आईचेच नाव दे. बाबांचे तिसरे रिकामे राहू दे. त्याला हे पटले की नाही, त्याने सांगितले नाही.

एक छोटी गोष्ट राहिली. उतरवलेल्या फाइली शाबूत आहेत की नाहीत हे उघडून पाहिल्याशिवाय कळत नाही. मी एक उघडली, तो एका विधवेचा अर्ज होता. त्यात तिच्या घरचे असे काही होते जे तिने गावात कोणाला सांगितले नसावे. मी लगेच बंद केली, पण वाचलेले परत न वाचलेले होत नाही. न दिलेले घेणार नाही असे आपण रोज म्हणतो; ते पैशाअडक्यापुरतेच आहे काय? त्यानंतर मुलाला शेजारी बसवून, तो म्हणेल तीच फाइल उघडत गेलो, आणि निघताना माझ्या लॅपटॉपमधील सर्व प्रत त्याच्यासमोर पुसून टाकली. त्याच्याकडे आता दोन प्रती आहेत. वडिलांच्या रेकॉर्डिंगची तिसरी प्रत वरच्या ओळीतल्याच एका घराच्या मुलाकडे, भंडाऱ्याला दिली आहे.

मेलेल्या डिस्कचे काय करायचे, यावर मात्र निघेपर्यंत वाद चालला. नियमाने ती फोडून टाकायला हवी. तिच्यात शंभरेक लोकांच्या आधारकार्डांच्या प्रती आहेत, भंगारात गेली तर कोणाच्या हाती लागेल सांगता येत नाही. पण न वाचलेल्या त्या जागांमध्ये वरची ओळ अजून आहे. कधी पैसे जमले, कधी कोणी जाणकार भेटला, तर एखादे वेळी निघेलही. फोडली तर तेही गेले. मी हातोडी मागितली नाही, त्यानेही दिली नाही. शेवटी त्याच्या आईने ती डिस्क एका जुन्या रुमालात गुंडाळली आणि लोखंडी पेटीत, भूसंपादनाच्या नोटिसांच्या खाली ठेवली. कुलपाची किल्ली तिच्याकडे आहे. रुमालावर मी कागद चिकटवून तारीख घातली आणि लिहिले: 'सुरू करू नये.'

बसमध्ये बसलो तेव्हा त्याने लाखोरीच्या डाळीची पिशवी हातात दिली. त्यानंतर त्याचे तीनदा फोन आले आहेत, दोनदा प्रिंटरसाठी आणि एकदा सहज. काही सांगितले की तो आता हटकून विचारतो, "काकाजी, पक्कं मालूम हाये न?" आणि मी बोलण्याआधी थोडा थांबतो.